स्पॅनिश रा-आख्यात : प्रस्तावना

स्पॅनिश भाषेच्या शालेय व्याकरणांत क्रियापदांचे जे तक्ते दिलेले असतात, त्यांत ‘कांतारा’, ‘कोमिएरा’, ‘बिबिएरा’ अशी ‘रा’ने संपणारी रूपे एकाच चौकटीत बसवलेली आढळतात आणि त्या चौकटीला एकच नाव दिलेले असते, परंतु तीच रूपे प्रत्यक्ष वाचनात समोर येऊ लागली की एके ठिकाणी ती न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतात, दुसरीकडे खरोखर घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, तिसरीकडे नम्रपणे काही मागतात, आणि वर्तमानपत्रातील एखाद्या मृत्युलेखात तर सरळ भूतकाळाचे काम करताना दिसतात. अभ्यासक अशा वेळी अर्थांची यादी करतो, ती पाठ करतो आणि यादीत न बसणारे वाक्य आले की अडखळतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी की या अर्थांचा उलगडा रूपाच्या वंशावळीतून होतो. हे रूप मुळात कोठले, त्याची मूळची जागा पुढे कोणी घेतली आणि जागा गेल्यावर ते कोठे कोठे आश्रयाला गेले, एवढे ध्यानात आले म्हणजे यादी पाठ करण्याचे कारण उरत नाही.

आरंभी रूपाच्या घडणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘कांतार’ म्हणजे गाणे, या क्रियापदाची साध्या भूतकाळातील तृतीय पुरुषी अनेकवचनी रचना ‘कांतारोन’ (त्यांनी गायले) अशी होते. तिच्यातील शेवटचा ‘रोन’ काढून ‘रा’ लावला की ‘कांतारा’ हे रूप सिद्ध होते आणि पुढे पुरुष-वचनानुसार ‘कांतारास’, ‘कांतारामोस’, ‘कांताराइस’, ‘कांतारान’ अशी त्याची रूपावली चालते. हा नियम अनियमित म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या क्रियापदांनाही अपवादाविना लागू पडतो : ‘तुबिएरोन’वरून ‘तुबिएरा’ (जवळ असणे), ‘दिखेरोन’वरून ‘दिखेरा’ (म्हणणे), ‘फुएरोन’वरून ‘फुएरा’. देवनागरीत लिहिताना एक अडचण मात्र राहते. स्पॅनिशमध्ये बलाघात, म्हणजे शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर पडतो ही गोष्ट, अर्थभेदक आहे. मधल्या अक्षरावर जोर असलेला ‘कांतारा’ हे आपले विवेच्य रूप, तर शेवटच्या अक्षरावर जोर असलेला ‘कांतारा’ म्हणजे ‘तो गाईल’. स्पॅनिश लेखनात हा फरक शेवटच्या स्वरावरील एका तिरप्या रेघेने दाखवला जातो. येथे जोर वेगळा सांगितलेला नसेल तेथे तो मधल्या अक्षरावर आहे असे समजावे.

परिभाषेचाही प्रश्न आहे. क्रियापदाच्या रूपातून बोलणाऱ्याची विधानाकडे पाहण्याची जी वृत्ती प्रकट होते, तिला मराठी व्याकरणात ‘अर्थ’ म्हणतात. साधे विधान करणारा तो स्वार्थ, हुकूम सोडणारा आज्ञार्थ, अट घालणारा संकेतार्थ. स्पॅनिशमध्ये यांच्या जोडीला आणखी एक अर्थ आहे, जो प्रायः दुसऱ्या क्रियापदाच्या आश्रयाने, गौणवाक्यात येतो आणि ज्यात वक्ता एखादी गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर सांगत नाही, तर इच्छा, शंका, भीती, आनंद अशा कशाच्या तरी संदर्भात ती नुसती मांडतो. त्यासाठी पुढे ‘आश्रितार्थ’ ही संज्ञा वापरली आहे. ‘कांतारा’ला रूढ व्याकरणे या आश्रितार्थाचा अपूर्ण भूतकाळ म्हणतात, आणि अडचण या नावातच आहे, कारण हे रूप अनेकदा भूतकाळी नसते, कित्येकदा अपूर्ण नसते आणि काही वेळा आश्रितही नसते. मराठी वैयाकरणांनी असल्या पेचातून फार पूर्वीच वाट काढलेली आहे : ‘आला’, ‘गेला’ हे रूप भूतकाळाचे म्हणावे, तर ‘थांब, आलोच’ यातील येणे अजून व्हायचे असते आणि ‘पाऊस आला तर’ यात ते होईल की नाही याचीच खात्री नसते, म्हणून रूपाला अर्थावरून नाव न देता प्रत्ययावरून द्यावे, या विचारातून लाख्यात, ताख्यात, वाख्यात, ई-आख्यात अशा संज्ञा रूढ झाल्या. त्याच न्यायाने ‘कांतारा’ला येथे रा-आख्यात म्हटले आहे. स्पॅनिश अभ्यासकही काटेकोर बोलायचे असले की ‘रा-रूप’ असाच उल्लेख करतात.

या आख्याताचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि आश्चर्य असे की तेथे ते आश्रितार्थी नव्हतेच. लॅटिन ‘कांतावेराम’ म्हणजे ‘मी गायलो होतो’; भूतकाळातील एखाद्या क्षणाच्याही आधी पुरी झालेली क्रिया सांगणारे ते शुद्ध स्वार्थाचे रूप. बोलीत मधले ‘वे’ गळून ‘कांताराम’ झाले आणि अंत्य ‘म’ लोपून ‘कांतारा’ उरले. इसवी सन 1200च्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘कांतार दे मियो सिद’ या कास्तिलियन वीरकाव्यात रा-आख्यात मुख्यतः याच जुन्या अर्थाने, ‘केले होते’, ‘गेले होते’ अशा ठिकाणी, येते. परंतु तोवर एक नवी जोडरचना प्रचारात आलेली होती : ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाच्या भूतकाळापुढे कृदन्त ठेवून केलेली ‘आबिया कांतादो’. ही रचना पारदर्शक होती, प्रत्येक क्रियापदाला सारखीच चालत होती, आणि तिने हळूहळू ‘गायले होते’ हा अर्थ स्वतःकडे घेतला. सुमारे 1535 साली हुआन दे बाल्देस याने भाषेविषयी जो संवादरूप ग्रंथ लिहिला (तो छापला गेला मात्र 1737मध्ये), त्यात ‘आबिया बेनिदो’च्या जागी ‘बिनिएरा’ लिहिणे कानाला रुचत नाही असा अभिप्राय त्याने ‘आमादिस दे गाउला’ या गाजलेल्या वीरकथेची भाषा तपासताना दिला आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाणत्या वाचकाला हा अर्थ जुनाट वाटू लागला होता.

मूळची जागा गेलेले रूप नाहीसे व्हायचे. रा-आख्यात नाहीसे झाले नाही, कारण त्याने आधीच दुसरीकडे पाय रोवलेला होता. लॅटिन लेखक अट घातलेल्या वाक्यात, जे घडले नाही पण अगदी घडण्याच्या बेतात होते असे सांगताना, मुद्दाम स्वार्थातला पूर्णभूत वापरीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण ‘तुम्ही हात धरलात म्हणून वाचलो, नाहीतर मेलोच होतो’ हे वाक्य मराठी माणूस सहज बोलतो आणि तेथे ‘मेलो असतो’ न म्हणता ‘मेलोच होतो’ म्हटल्याने संकट किती जवळ आले होते हे ठसते. असा जोर वारंवार वापरला गेला की बोथट होतो. मग ‘मेलोच होतो’ आणि ‘मेलो असतो’ यांत फरक उरत नाही. जुन्या कास्तिलियनमध्ये हेच घडले. अटीच्या वाक्याचे जे फलवाक्य, म्हणजे ‘तर’नंतरचा भाग, त्यात ‘कांतारा’ ‘गायला असता’ या अर्थाने स्थिरावला, आणि तेथून ‘तर’च्या अलीकडच्या भागात, स्पॅनिश ‘सि’ या ‘जर’वाचक अव्ययानंतर, त्याचा शिरकाव झाला. त्या जागी पूर्वीपासून दुसरे एक रूप नांदत होते : ‘कांतासे’, जे लॅटिन ‘कांताविस्सेम’ या अस्सल आश्रितार्थी रूपाचे वंशज आहे. एकाच खोलीत राहू लागलेल्या या दोन रूपांचा अर्थ एकमेकांच्या सहवासाने एक होत गेला, आणि ‘कांतासे’ जेथे जेथे जाई, म्हणजे इच्छा, शंका, भीती यांच्या गौणवाक्यांत, तेथे तेथे ‘कांतारा’ही जाऊ लागला. तर फलवाक्यातील जागा तिसऱ्याच एका रूपाने व्यापली : ‘कांतारिया’. ते ‘गाणे’ या भाववाचक रूपाला ‘होते’सारखे साहाय्यक जोडून झाले आहे आणि त्याला संकेतार्थ म्हणतात. सेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’त (1605 व 1615) आज जेथे ‘कांतारिया’ची अपेक्षा असते तेथे रा-आख्यात विपुल आढळते, ते या संक्रमणाचे चिन्ह; ते चुकीचे किंवा काव्यमय समजण्याचे कारण नाही.

रूप तेच राहून अर्थ सरकत जाण्याची ही प्रक्रिया मराठीला अपरिचित नाही. ‘करी’, ‘येई’, ‘जाई’ ही रूपे ज्ञानेश्वरकालीन मराठीत चालू वर्तमानाची होती. ‘करतो’, ‘येतो’ या नव्या रूपांनी वर्तमानकाळ व्यापल्यावर ती मागे हटली आणि आज ‘तो रोज संध्याकाळी येई’ असे म्हटले की भूतकाळातील रिवाज कळतो. जुना अर्थ समूळ गेला असेही नाही. ‘दाम करी काम’ किंवा ‘खाई त्याला खवखवे’ या म्हणींत तो जसाच्या तसा उरला आहे आणि तेथे रीतिभूतकाळ पाहणे हास्यास्पद ठरेल. एका रूपात दोन काळांचे अर्थ कसे नांदतात, हा प्रश्न ‘करी’बाबत मराठी वाचकाला पडत नाही, कारण तो म्हण आणि गोष्ट यांतला फरक ओळखतो, रा-आख्याताच्या बाबतीतही वाक्याचा प्रकार ओळखणे हेच मुख्य कौशल्य आहे.

वापराच्या दृष्टीने पाहता अटीची वाक्ये सर्वांत महत्त्वाची. ‘सि तुबिएरा दिनेरो, कोंप्रारिया उना कासा’ म्हणजे ‘पैसे असते तर घर घेतले असते’. परंतु हे भाषांतर बरोबर असूनही फसवे आहे, कारण मराठी ‘असते’ आजच्या नसलेल्या पैशांबद्दलही बोलते आणि दहा वर्षांपूर्वीच्या नसलेल्या पैशांबद्दलही, आणि नेमके कोणते ते ‘आत्ता’, ‘तेव्हा’ अशा शब्दांवरून किंवा प्रसंगावरून ठरते. स्पॅनिशला ही मोकळीक नाही. ‘तुबिएरा’ म्हटले की आजची गोष्ट, किंवा पुढची. गेलेली गोष्ट असेल तर ‘सि उबिएरा तेनिदो’ असे जोडरूप घ्यावे लागते, ज्यात ‘उबिएरा’ हे साहाय्यक क्रियापदाचेच रा-आख्यात आहे. भूतकाळाच्या नावाने ओळखले जाणारे रूप येथे वर्तमानाबद्दल बोलते आणि भूतकाळासाठी आणखी एक पायरी मागे जाते, हे एकदा नीट समजून न घेतल्यास मराठीभाषक विद्यार्थी वर्षानुवर्षे तीच चूक करीत राहतो. ‘कोमो सि फुएरा’ (जणू काही असावा तसा) या रचनेत आणि ‘ओखाला’ या इच्छावाचक शब्दानंतरही हाच न्याय चालतो. ‘ओखाला’ हा शब्द स्पॅनिशने अरबीतून घेतला, त्यात ईश्वरेच्छेचा उल्लेख आहे. त्यापुढे वर्तमानकाळी आश्रितार्थ ठेवला तर ‘पाऊस पडो’ ही पुरी होण्याजोगी इच्छा व्यक्त होते, आणि ‘ओखाला योबिएरा’ म्हटले तर पाऊस पडण्याची आशा वक्त्याने जवळजवळ सोडलेली असते.

यावरून रा-आख्यात म्हणजे असत्याचे रूप असा जो समज पाठ्यपुस्तकांतून पसरतो, तो मात्र टिकत नाही. ‘मे आलेग्रो के बिनिएरा’ याचा अर्थ ‘तो आला याचा मला आनंद झाला’. येथे येणारा खरोखर आलेला आहे, त्याच्या येण्याविषयी कोणाला शंका नाही, आणि तरीही रा-आख्यात आले आहे, कारण आनंद व्यक्त करणाऱ्या क्रियापदाच्या आश्रयाने आश्रितार्थ येतो आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यामुळे गौणवाक्यालाही त्याच्या मागोमाग भूतकाळात जावे लागते. ‘केरिया के बिनिएरा’ (तो यावा अशी इच्छा होती) यात मात्र तो आला की नाही हे वाक्य सांगतच नाही. दोन्ही वाक्यांत रूप एक, सत्यासत्याची जबाबदारी दुसऱ्याच शब्दावर.

नम्रतेच्या प्रयोगाकडे वळले की एक आकर्षक उपपत्ती पुढे येते. ‘किएरो उन काफे’ म्हणजे ‘मला कॉफी हवी आहे’. ‘किसिएरा उन काफे’ म्हटले की मागणीची धार जाते. मराठीतही समोर बसलेल्या माणसाला ‘तुमच्याकडे जरा काम होतं’ किंवा ‘एक विचारायचं होतं’ असे म्हणतात, आणि ते काम त्या क्षणी असतेच. भूतकाळ घातल्याने बोलणारा आपल्या मागणीपासून एक पाऊल मागे सरतो आणि ऐकणाऱ्याला नकाराची वाट मोकळी राहते. यावरून काही अभ्यासक असे मांडतात की भूतकाळ म्हणजे मुळात दूरत्व : काळाचे दूरत्व म्हणजे गतकाल, वास्तवापासूनचे दूरत्व म्हणजे असत्य अट, आणि समोरच्या माणसापासून राखलेले दूरत्व म्हणजे अदब. ही उपपत्ती देखणी आहे, शिकवायला सोयीची आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे.

तरी ती पुरेशी नाही, याचा पुरावा ‘कांतासे’ देतो. गौणवाक्यांत ‘कांतारा’ आणि ‘कांतासे’ अर्थाच्या दृष्टीने जवळपास समान आहेत. दूरत्व हेच कारण असेल तर दोघांतही ते सारखेच असायला हवे. प्रत्यक्षात कॉफी मागताना ‘किसिएरा’ म्हणतात, ‘किसिएसे’ म्हणत नाहीत. ‘देबिएरा’ (करायला हवे), ‘पुदिएरा’ (शक्य आहे) यांचे स्वतंत्र, मुख्य वाक्यातील सौम्य प्रयोगही ‘से’च्या रूपाला सहसा साधत नाहीत. कारण उघड आहे. ‘कांतारा’ स्वार्थी घराण्यातून आलेला असल्याने, आणि फलवाक्य हे मुख्य वाक्यच असल्याने, त्याला मुख्य वाक्यात स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जुनी सवय आहे. ‘कांतासे’ जन्मापासूनच आश्रित. ‘किसिएरा’ हे ‘शक्य असते तर मागितले असते’ या फलवाक्याचे अट गळून उरलेले टोक म्हणता येईल. अर्थात भाषा वंशावळ पाहून वागत नाही. ‘उबिएरा कांतादो’ (गायला असता) या जोडरूपाच्या बाबतीत ‘उबिएसे कांतादो’ही फलवाक्यात सर्रास ऐकू येते आणि आता त्याला कोणी विशेष हरकत घेत नाही. लॅटिन अमेरिकेत तर बोलण्यात ‘से’चे रूप जवळपास मागे पडले आहे. स्पेनमध्ये ते जिवंत आहे, पण तेथेही ‘रा’चा पल्ला मोठा.

मूळ अर्थाची, म्हणजे ‘गायले होते’ या पूर्णभूताची, कहाणी मात्र सोळाव्या शतकात संपली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुआन मेलेन्देस बाल्देस (1754–1817) प्रभृती कवींनी जुन्या काव्याच्या अनुकरणाने तो पुन्हा वर आणला आणि पुढे स्वच्छंदतावादी लेखकांनी त्याला उचलून धरले. आन्द्रेस बेल्यो याने 1847 साली चिलीतील सान्तियागो येथे प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात, जे त्याने मुद्दाम अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी लिहिले होते, या प्रयोगाला घोटाळा माजवणारा आर्ष प्रयोग ठरवून तो टाळावा असे बजावले. बेल्योच्या बाजूला तर्क होता. यश मिळाले ते कवींना, किंवा खरे तर त्यांच्यानंतरच्या पत्रकारांना. ‘देस्दे के येगारा’ (तो आल्यापासून) अशी रचना बातम्यांच्या गद्यात आजही सुखेनैव चालते, बोलताना सहसा कोणी ती वापरीत नाही. पत्रकारांची ही हौस इतकी वाढली की काही जण त्या जागी ‘येगासे’ही लिहू लागले, वास्तविक त्या रूपाला पूर्णभूताचा वारसा कधीच नव्हता; समान मानल्या गेलेल्या जोडीपैकी एकाचा हक्क दुसऱ्याला आपोआप पोचतो, असा हिशेब त्यामागे असावा. रेआल आकादेमिया एस्पान्योला या 1713मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने 2009पासून प्रसिद्ध केलेल्या विस्तृत नव्या व्याकरणात रा-आख्याताच्या स्वार्थी प्रयोगाची स्वतंत्र दखल घेतलेली आहे.

आयबेरियन द्वीपकल्पाच्या पश्चिमेला हा प्रयोग आर्ष नाहीच. गॅलिशियन भाषेत ‘कांतारा’ हेच पूर्णभूताचे नेहमीचे रूप आहे, आणि त्यामुळे गॅलिशियातील लोक स्पॅनिश बोलतानाही ते त्याच अर्थाने वापरतात. पोर्तुगीजमध्ये बोलीत जोडरचना रुळली असली तरी ग्रंथभाषेत ‘कांतारा’ म्हणजे ‘गायले होते’ हाच अर्थ अबाधित आहे, त्याचे इच्छावाचक अवशेष ‘केम मे देरा’ (मला मिळाले असते तर!) अशा ठरावीक उद्गारांत दिसतात. गोव्यात पोर्तुगीज अंमलात त्या भाषेत शिकलेल्या पिढ्यांना आणि तेथील पोर्तुगीज कागदपत्रे वाचणाऱ्या संशोधकांना हा अर्थ परिचित आहे. त्यांच्यापैकी कोणी स्पॅनिशकडे वळला तर ओळखीच्या रूपानेच त्याची प्रथम फसगत होण्याचा संभव असतो.

उलट दिशेची एक घडामोडही नोंदवण्याजोगी आहे. स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रदेश, नाव्हारा, बुर्गोस या पट्ट्यात ‘सि तुबिएरा’ऐवजी ‘सि तेन्द्रिया’ म्हणतात. एकेकाळी फलवाक्य बळकावणारे ‘रिया’चे रूप तेथे ‘जर’च्या भागातही शिरले आहे. शाळांत ती ठळक चूक मानली जाते. मात्र ‘रा’चे रूप फलवाक्यातून ‘जर’च्या भागात गेले तेही याच वाटेने.

सर्वाधिक घोटाळा ‘फुएरा’ या रूपात होतो. ‘सेर’ (असणे) आणि ‘ईर’ (जाणे) या दोन क्रियापदांची भूतकाळी रूपे स्पॅनिशमध्ये एकच असल्याने ‘फुएरा’ दोघांचेही रा-आख्यात आहे. शिवाय ‘बाहेर’ या अर्थाचे एक क्रियाविशेषणही नेमके तसेच दिसते, त्याचा उगम मात्र निराळा. ‘एल के फुएरा आल्काल्दे’ हे शब्द वाचकापुढे ठेवले, आल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष, तर त्यांचा अर्थ केवळ त्यांच्यावरून सांगता येत नाही. पुढे ‘फिर्मो’ (सही केली) आले, तर ‘एकेकाळी नगराध्यक्ष असलेल्या त्या गृहस्थाने सही केली’ असा अर्थ होतो, विशिष्ट माणूस डोळ्यांसमोर असतो आणि रूप लॅटिन घराण्यातला आपला जुना स्वार्थ सांभाळीत असते. पुढे ‘देबिया फिर्मार’ (सही करणे भाग होते) आले, तर ‘जो कोणी नगराध्यक्ष असेल त्याने सही करायची, असा नियम होता’ असे समजणे अधिक स्वाभाविक. तेव्हा माणूस अनिश्चित, रूप आश्रितार्थी, आणि त्याच्या जागी ‘फुएसे’ घातले तरी वाक्याला धक्का लागत नाही. पहिल्या वाक्यात तोच बदल चोखंदळ स्पॅनिश वाचकाला खटकतो.